आबांच्या पेटीची दोन गावं

गुरुवार, ९ जानेवारी २०२५, धार

वीस वर्षांपूर्वी टोचलेली सुई आज अंगात कुठे असते? गुड्डीनं आज विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. दंडात, रक्तात, की कुठेच नाही? मी बी.एस्सी. झाले आहे, आमच्या घरातली पहिली. प्रशिक्षण घेतलं आहे, गळ्यात ओळखपत्र आहे. तरी येत नाही.

२००४ साली एका ट्रस्टनं गंधवानीकडच्या सहा गावांतल्या मुलांना हिपॅटायटीस बीच्या, म्हणजे बी काविळीच्या, तीन-तीन सुया दिल्या होत्या. ती मुलं आता पंचविशी-तिशीची झाली आहेत. त्यांच्यात लसीचं संरक्षण अजून शिल्लक आहे का, हे देवासची आमची प्रयोगशाळा तपासते आहे. मेधा मॅडम प्रमुख. गावोगाव फिरून रक्त गोळा करणारी मी. सहातली दोन गावं, काकडवा आणि बोरपाडा, आमच्या आबांची. आबा ट्रस्टच्या दवाखान्यात शिपाई होते. टोचायच्या नर्सबाई, पण लसीची पेटी खांद्याला लावून नेणारे आबा. म्हातारी माणसं अजून विचारतात, "पेटीवाले भिया कैसे हैं?" मी त्यांची मुलगी म्हटल्यावर दंड लगेच पुढे होतात. नाहीतर रक्त द्यायला कोण तयार असतं!

गुड्डी काकडवाची आशा कार्यकर्ती, अठ्ठावीस वर्षांची. रक्त देऊन झाल्यावर ती मला गोठ्यामागे घेऊन गेली.

"दीदी, मेरे आदमी को वो बी वाला पीलिया निकला है. गुजरात में कारखाने में खून देने गया था, उन्होंने लिया ही नहीं."

"कब आएगा वो?"

"भगोरिया मेले पे, होली से पहले. मेरे को तो तीन लगे हैं ना? रजिस्टर में है ना मेरा नाम?"

ट्रस्टचं जुनं रजिस्टर उघडून दाखवलं. तिन्ही खुणा होत्या. मी म्हटलं, "लगे हैं तो पक्के हैं, गुड्डी. डर मत." ती हसली. आजच्या दिवसात एवढं एकच काम मला धड करता आलं असं वाटलं.

ही वही मराठीत लिहिते. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, मराठी फक्त घरातली. लिहायला वेळ लागतो, त्यामुळे खोटं लिहायचा कंटाळा येतो.

शनिवार, ११ जानेवारी

काल देवासला नमुने पोचवले. आधीच्या गावांचे आकडे आले होते. आमच्या लॅबचा धवल यंत्रावर बसतो. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. "घ्या, प्रियांकाबाई. शून्य, दोन, चार, शून्य. तुमच्या गावांनी भोपळ्यांची शेती केलीय."

मी घाबरले. दहाच्या खाली आकडा म्हणजे संरक्षण नाही, असंच मी वाचलं होतं. मॅडमनी चष्मा डोक्यावर ढकलला आणि समोर बसवलं. "अगं, एवढ्या वर्षांत रक्तातला आकडा उतरणारच. म्हणून संरक्षण गेलं असं नाही. पोहायला शिकलेला माणूस वीस वर्षं विहिरीकडे फिरकला नाही, तरी ढकललास तर हातपाय मारतो की नाही? आता आपण सगळ्यांना एक डोस द्यायचा, तो म्हणजे ढकलणं. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं. शरीराला आठवत असेल तर आकडा शेकड्यांत उडी मारेल."

किती सोपं सांगितलं. गुड्डीला हे सांगायला हवं होतं.

येताना मोहनखेड्याच्या यात्रेकरूंनी बस भरली होती. घाटाबिल्लोदपर्यंत उभी. घरी आले तर पाय माझे नव्हते. जेवताना आबांनी मिठाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता फक्त हुंकार देते. लग्नाआधी ते मामांच्या कुल्फीच्या गाड्यावर होते. पुढे ट्रस्टमध्ये लागले. तेव्हा गंधवानीला दोन-दोन दिवस लाइट नसायची.

"डॉक्टरसाहेब म्हणाले, संताजी, पेटी तापली की लस मेली. मी म्हटलं, साहेब, फिकर मत करो. बर्फात जाडं मीठ टाकलं मुठी भरून. कुल्फी जमते तर लस काय चीज आहे! मे महिन्यात काकडव्याला पेटी उघडली तर बाटल्या पांढऱ्याफेक. कधी आत बर्फाचे कण दिसायचे. मुठीत धरून जरा ऊब दिली, हलवली, की झालं. पोलिओचा डोस नाही का दवाखान्यात बर्फ करून ठेवायचे? तसंच."

"बास करा हो, तिला जेवू द्या," आई म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी दिलेली शाबासकीची चिठ्ठी आबांनी काचेत बसवून घेतली आहे. मी मान हलवत होते आणि मनात सोमवारच्या नळ्यांवरचे नंबर जुळवत होते.

गुरुवार, २३ जानेवारी

आज काकडव्याला डोस दिले. पंचविसावर सुया. मी मदतीला, टोचणाऱ्या सिस्टर वेगळ्या.

सकाळी आबा रागावले. मी आइसपॅक फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवले होते, वरून पाणी सुटेपर्यंत. "बर्फ वितळवतेस? वेडी की काय! बारा वाजेपर्यंत पेटी गरम होईल."

मी त्यांना नीट समजावलं. प्रशिक्षणात हे सगळ्यात आधी घोकून घेतलं होतं. "आबा, ही लस पोलिओसारखी नाही. ही गोठली की मरते. गरमीपेक्षा बर्फाला जास्त भिते. गोठून वितळली की आत पांढरे कण तळाला बसतात. मग टोचली काय नि पाणी टोचलं काय, सारखंच."

आबा चहा तसाच ठेवून बाहेर गेले. मी निघाले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभे होते, हाक मारली तरी वळले नाहीत. मुलगी शिकवायला लागली म्हणून वाईट वाटलं असेल. मी बोलले पण जरा मास्तरणीसारखीच. उद्या माफी मागेन.

गुड्डीनं पहिल्या नंबरला डोस घेतला आणि बाकीच्या बायकांना ओरडली, "चलो चलो, शेर नहीं है, सुई है!"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. धूळ, जीप, याद्या. बोरपाड्याची निम्मी माणसं मजुरीला बाहेर गेलेली. घरी आले तर आबा नाहीत. आई म्हणाली बदनावरला मित्राकडे गेलेत. गुडघा दुखतो म्हणून देवळापर्यंत जात नाहीत, आणि बदनावर!

हल्ली ते मला कामाबद्दल एकच विचारतात, "निकाल कधी?" मी म्हणते मार्च. मग पुन्हा दोन दिवसांनी, "निकाल कधी?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

काकडव्याचे दुसरे नमुने घेतले. गुड्डी म्हणाली, "आपके पिताजी आए थे. दो बार. केले लाए थे बच्चों के लिए."

म्हणजे बदनावर नव्हतंच.

"क्या करने आए थे?"

"घर-घर बैठे. पूछ रहे थे, इतने साल में पीलिया किसको हुआ, कौन खतम हुआ. कॉपी में लिखा भी."

जुने दिवस आठवत असतील. रिकामपण माणसाला खातं. पण आईशी खोटं बोलून जायची काय गरज होती? मी म्हटलं असतं चला माझ्याबरोबर जीपमध्ये. घरी विचारलं तर म्हणाले, "असंच. ओळखीची माणसं आहेत." मिठाची गोष्ट बऱ्याच दिवसांत ऐकली नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

शनिवार, ८ मार्च

गुड्डीनं फोनवर फोटो पाठवला. नवरा आला आहे. भगोरियाच्या बाजारात दोघं, तिला नवी चांदीची साखळी, त्याला काळा चष्मा. खाली लिहिलंय, "आपकी दुआ." मी अंगठा पाठवला.

बुधवार, १२ मार्च, देवास

आज निकाल आले. चार गावांचे आकडे पाहून धवल खुर्चीवरून उठून नाचलाच. तीनचा अकराशे. शून्याचा सहाशे चाळीस. दहातल्या नऊ जणांनी उडी मारली. वीस वर्षं रक्तात जवळपास काही नव्हतं, आणि एका डोसानं सगळं परत. मला खरंच रडू आलं. शरीर एवढं इमानदार असतं!

मग काकडवा आणि बोरपाडा. सात. अकरा. शून्य. शून्य. पंधरा. नऊ.

धवल परत खुर्चीत बसला. त्यानं पुन्हा यंत्र लावलं. पुन्हा तेच. एकेचाळीस माणसांत एकानंही उडी मारली नाही. "हे वीस वर्षांनंतरचे आकडे नाहीत," तो म्हणाला. "हे आयुष्यात पहिलाच डोस मिळाल्याचे आहेत."

तिघांच्या रक्तात रोग येऊन गेल्याच्या खुणा आहेत. एकाच्या रक्तात तो अजून आहे. बाकीच्या चार गावांत असं एकही नाही.

गुड्डीच्या पुढे शून्य. रोग नाही, निदान फेब्रुवारीच्या नमुन्यात तरी नाही. पण संरक्षणही नाही. आणि तिचा नवरा चार-पाच दिवसांपासून घरी आहे.

फोन केला. मागे ढोल वाजत होते. "दीदी, सुनाई नहीं दे रहा, कल करो!" मी बरं म्हटलं आणि ठेवला. मला पुन्हा करता आला असता. मेसेज करता आला असता. केला नाही. काय लिहायचं तेच कळेना.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

आज काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

काल दिवसभर माझ्या डोक्यात एकच होतं, चोरी. त्या दोन गावांची लस कोणीतरी विकली आणि रजिस्टरमध्ये खुणा केल्या. आज दुपारी जेवताना मी तेच बोलले. म्हटलं, "आबा, तुमच्या नाकाखालून कोणीतरी लस पळवली. तुम्ही उन्हातून पाण्याच्या बाटल्या वाहून नेल्या, आणि कोणीतरी पोरांच्या जिवावर मजा केली. त्याचं नाव मला काढायचंच आहे. नर्सबाई कुठे राहतात हल्ली?"

आबांचा हात ताटातच राहिला. कपाळावर सकाळचा गुलाल होता.

"नर्सबाईंना काही विचारू नको," ते म्हणाले. "चोरी नाही झाली, बेटा."

"मग?"

"मी गोठवली. मीठ टाकून. तिन्ही वेळा."

आई म्हणाली, "अहो, काय बोलताय?"

"तू त्या दिवशी सांगितलंस ना. गोठली की मरते. कण तळाला बसतात." त्यांनी पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "मला ते कण अजून दिसतात. मी हलवून-हलवून द्यायचो नर्सबाईंना. त्या म्हणायच्या, संताजीभाऊ, हात दुखेल तुमचा."

मग कपाटातून वही आणली. दोन्ही गावांतली घरं, कावीळ झालेल्यांची नावं, वर्षं. चौदा नावं. दोन नावांपुढे चौकट. मी विचारलं ही चौकट कसली. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं. मग मला कळलं, ही दोघं गेलेली.

हे सगळं माझ्यासमोर होतं. मिठाची गोष्ट लहानपणापासून ऐकते. गोठण्याचा नियम मीच त्यांना शिकवला. दोन्ही माझ्या याच वहीत लिहिलेले आहेत, बारा दिवसांच्या अंतरानं. मी काय वाचत होते? आबांना एका मिनिटात कळलं, सातवी नापास माणसाला. मला दोन महिने लागले, आणि तेही त्यांनी सांगितल्यावर.

सोमवार, १७ मार्च

गुड्डीला सांगितलं. अंगणात नवरा खाट विणत होता. मी तिला पुन्हा गोठ्यामागेच नेलं.

ती म्हणाली, "आपने बोला था पक्के हैं."

"बोला था. गलत बोला था."

"मैंने इसको बोला, मेरी दीदी ने बोला है, कुछ नहीं होता. ये तो अलग सोने को तैयार था, मैंने हँसी उड़ाई इसकी."

जानेवारीतला डोस आता पहिला धरायचा, आज दुसरा द्यायचा, सहा महिन्यांनी तिसरा, असं सांगितलं. एकेचाळीस जणांना हे आमच्या अभ्यासातूनच मिळतं, तसा नियमच आहे. सिस्टरनी तिला टोचलं. नवऱ्याला काय काळजी घ्यायची ते सांगितलं, धारच्या सरकारी दवाखान्याचा कागद दिला. तिचं रक्त पुन्हा घेतलं. निघताना ती म्हणाली, "और बाकी?"

"बाकी कौन?"

"जिनका आपने खून नहीं लिया. मेरी दो बहनें हैं. मेरा देवर है. पूरा गाँव सोचता है उसको लगा हुआ है."

रजिस्टरमध्ये त्या दोन गावांची तीनशे सात नावं आहेत. आम्ही एकेचाळीस घेतली. बाकी दोनशे सहासष्ट. परतीच्या जीपमध्ये हा एकच आकडा.

शुक्रवार, २१ मार्च, देवास

मॅडमना सगळं सांगितलं, आबांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चार गावांचा निकाल सोन्यासारखा आहे, प्रियांका. वीस वर्षांनी स्मरण शिल्लक. हे छापून यायलाच हवं, नाहीतर उद्या कोणीतरी दर पाच वर्षांनी डोस विकत बसेल. त्यात ही दोन गावं घातली तर लोक एकच ओळ वाचतील, लस टिकत नाही."

"पण मॅडम, तिथे लस टिकली नाही असं नाहीच. तिथे लस पोचलीच नाही."

"मला कळतंय गं. पण कारण लिहायचं तर पुरावा लागतो. पुरावा म्हणजे तुझे वडील. आणि रजिस्टर ट्रस्टचं. ते म्हणतील, आमचं नाव नको. नोंदी अपुऱ्या असं लिहून दोन गावं वगळली, तर कोणाचंच काही बिघडत नाही. एकेचाळीस जणांना डोस मिळतायतच."

"दोनशे सहासष्टांचं?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी बारा वर्षं हे करतेय. सगळ्यांपर्यंत कधीच पोचता येत नाही."

त्या वाईट नाहीत. मला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं. आता तसं वाटतं का, कळत नाही. बसमध्ये झोप लागली आणि धार मागे पडलं. एका स्टॉपवरून परत आले.

रविवार, २३ मार्च

जिल्हा कार्यालयाला पत्र लिहिणार म्हटल्यापासून आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलली. "अख्ख्या जन्मात माणसानं एकच चांगलं काम केलं म्हणून छाती काढून चालतो. ते पण काढून घे त्यांच्याकडून. मग काय राहतं?"

"आई, लोक आजारी पडतायत."

"वीस वर्षं पडतायत. तुझ्या पत्रानं मेलेली उठणार आहेत का?"

आबा आतून म्हणाले, "उमा, गप्प बस." आईला ते कधी असं बोलत नाहीत. मग ते दारात येऊन उभे राहिले. "लिही. संताजी शिपाई, मीठ घातलं, सगळं लिही. सही करतो. फक्त तू माझी मुलगी आहेस हे लिहू नको. तुझी नोकरी नवी आहे."

मी म्हटलं विचार करते. खरं तर मला भीती नोकरीची नाही. मला भीती याची की काकडव्यात कोणी त्यांना पेटीवाले भिया म्हणणार नाही. आणि मला दंड पुढे करणार नाही. यातलं पहिलं मोठं की दुसरं, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

पत्र लिहिलं. चार वेळा. आबांचं निवेदन सोबत, त्यांच्या शब्दांत, हिंदीत, सहीसह. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की ते माझे वडील आहेत, म्हणून या दोन गावांचं पुढचं काम माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला द्यावं. आबांनी तो परिच्छेद वाचला. "सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाले.

सकाळी एक प्रत धारला जिल्हा लसीकरण कार्यालयात दिली. बाबूनं दोन तास बसवलं. मग शिक्का मारला. दुपारी दुसरी प्रत देवासला मॅडमच्या हातात. त्यांनी वाचली, घडी घातली, म्हणाल्या, "अभ्यासाच्या समितीपुढे ठेवते. मला थोडा वेळ दे."

सोमवार, ३१ मार्च

काल पाडवा होता. आईनं गुढी उभारली. आबांनी आणि मी साखरेची गाठी तोंडात टाकून काकडव्याला जायला सातची बस पकडली. आई येणार नव्हती, पण दारापाशी येऊन तिनं आबांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

काकडव्याला गुड्डीनं माणसं गोळा केली होती, शाळेसमोरच्या महुव्याच्या झाडाखाली. मी सांगायला उभी राहिले तर आबा म्हणाले, "तू बस." पुढे गेले. पण त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. ओठ हलत होते, बस. मग मीच सांगितलं. लस चांगली होती, पण पेटीत गोठली आणि मेली. मुद्दाम नाही, नीट ठेवायच्या नादात. तुमच्या अंगात ती नाही. पुन्हा घ्यायला हवी.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मतलब पानी लगाया था?"

"हाँ दादा, पानी ही समझो," आबा म्हणाले. आता आवाज आला.

"अरे भिया, मेरी छोरी तीन दिन हाथ पकड़ के रोई थी! फोकट में?"

"फोकट में," आबा म्हणाले.

दोघं-चौघं हसले. सगळे नाही. एक बाई उठली आणि न बोलता निघून गेली. आबांच्या वहीतल्या एका चौकटीचं घर तिचं आहे. आबा तिच्या मागे गेले. तिनं दार लावून घेतलं. ते बाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. हसणाऱ्यांपेक्षा मला ते दार जास्त बरोबर वाटलं.

बोरपाड्याला तेच सगळं पुन्हा. तिथे एका माणसानं मला विचारलं, "किसी साहब की सही-वही लाई हो, कि ऐसे ही बोल रही हो?" मी म्हटलं ऐसे ही. रात्री घरी आलो तेव्हा आई गुढी उतरवून, न जेवता बसली होती.

आज सकाळी मॅडमचा फोन आला. आवाज थकलेला.

"ट्रस्टशी बोलले मी. ते आत्ता तयार नाहीत. आपला लेख जूनमध्ये जातोय. तोपर्यंत तुझं पत्र माझ्या कपाटात राहू दे. नंतर बघू, मी शब्द देते. फक्त तू गावात काही बोलू नकोस."

"मॅडम, मी काल सांगून आले. दोन्ही गावांत. पत्राची प्रत शुक्रवारी सकाळीच जिल्हा कार्यालयात दिली आहे. पोच आहे माझ्याकडे."

मला वाटलं फोन कट झाला.

"किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

"एकशे चाळीस."

"डोससाठी नावं घेतलीस लिहून?"

"हो," मी म्हटलं. "आबांनी लिहिली."